फळीचा नकाशा : पश्चिम भारतातील लाकडी नौकाबांधणीत आराखडा आणि कारागिरी यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना

वरणगाव हे तापीच्या खोऱ्यातील गाव आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर असल्याने नौकाबांधणीचा इतिहास हा विषय खानदेशातील अभ्यासकास परका वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या प्रदेशाचा भूगोल लक्षात घेतला तर हा परकेपणा फारसा टिकत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी वाहणारी वाघूर नदी पुढे तापीस मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातील एका समुद्रगामी जहाजाचे चित्र आहे. तापीच्या मुखाजवळील सुरत हे मुंबईच्या गोदीला पहिला नामांकित जहाजबांधणीकार देणारे बंदर होय. म्हणजे एकाच जलप्रवाहाच्या एका टोकाला जहाजाचे चित्र आहे आणि दुसऱ्या टोकाला जहाज घडविणारे हात आहेत.

चित्र आणि हात, अर्थात आराखडा आणि कारागिरी, यांच्या संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी नौकाबांधणीतील फळी बसविण्याची एकच क्रिया निवडली आहे. आराखडा कोठे संपतो आणि सुताराचे ज्ञान कोठे सुरू होते, हे या क्रियेत सर्वांत स्पष्टपणे दिसते.

उद्दिष्टे

१) लाकडी नौकेच्या आराखड्यातून फळीविषयी कोणती माहिती मिळते व कोणती मिळत नाही, हे स्पष्ट करणे.
२) पश्चिम भारतातील फळ्या जोडण्याच्या प्रमुख पद्धतींचा ऐतिहासिक आढावा घेणे.
३) कारागिरांच्या अलिखित ज्ञानाच्या नोंदीची गरज खानदेशाच्या संदर्भात मांडणे.

आराखड्यात काय असते आणि काय नसते

लहान लाकडी होडी आराखड्यावरून बांधताना कागदावर सामान्यतः तीन गोष्टी दिलेल्या असतात. होडीचा बाजूने दिसणारा आकार, वरून दिसणारा आकार आणि ठरावीक अंतरावर घेतलेले आडवे छेद. लहान प्रमाणात काढलेल्या या रेषा प्रथम सपाट जमिनीवर पूर्ण मापात आखून घेतात. त्यावरून तळाचा कणा व दोन्ही बाजूंच्या फासळ्या घडविल्या जातात. फासळ्या कण्यावर उभ्या राहिल्या की होडीचा सांगाडा तयार होतो. येथपर्यंत कागद कारागिराला सोबत करतो.

यानंतर फळ्या बसविण्याचे काम येते. प्रथमदर्शनी ते सोपे वाटते. सरळ फळ्या घ्याव्यात, वाकवाव्यात आणि फासळ्यांवर ठोकाव्यात, अशी सामान्य समजूत असते. प्रत्यक्षात सरळ कडांची फळी होडीवर बसत नाही. होडीचे पोट मध्यभागी मोठे आणि टोकांकडे निमुळते असते. समजा, एका बाजूस आठ फळ्या बसवायच्या आहेत. मधल्या फासळीवर कण्यापासून काठापर्यंतचा घेर १२० सेंटीमीटर असेल, तर तेथे प्रत्येक फळी सरासरी १५ सेंटीमीटर रुंद हवी. पुढच्या टोकाजवळ तोच घेर ६४ सेंटीमीटर असेल, तर तेथे तीच फळी केवळ ८ सेंटीमीटर रुंद असावी लागते. शिवाय फळी एकाच वेळी वाकते आणि पिळलीही जाते. त्यामुळे होडीवर सुबक, सरळ धारेची दिसणारी फळी काढून जमिनीवर सपाट ठेवली, तर तिचा आकार बहुधा धनुष्यासारखा वक्र दिसतो. हा वक्र आकार आराखड्यात दाखविलेला नसतो.

तो शोधण्याची रीत अशी आहे. पातळ लाकडाची पट्टी फासळ्यांवर, तिला कडेकडून न ओढता, सैलपणे टेकवतात. आधी बसलेल्या फळीच्या कडेपासूनचे अंतर प्रत्येक फासळीपाशी कंपासने त्या पट्टीवर उतरवून घेतात. ही पट्टी लाकडावर ठेवून खुणा पुन्हा उतरवतात आणि मग फळी कापतात. एवढ्याने काम पूर्ण होत नाही. जेथे पोटाला गोलाई अधिक असते, तेथे फळीची आतली बाजू किंचित खोलगट तासावी लागते. प्रत्येक कडेचा कोन फासळीगणिक बदलत जातो, त्यामुळे रंधा सतत थोडाथोडा कलता धरावा लागतो. कडा आतील बाजूस घट्ट भिडवून बाहेरील बाजूस किंचित फट ठेवतात व तीत कापूस किंवा काथ्या ठासतात. पाण्यात लाकूड फुगले की सांधा बंद होतो. फट कमी ठेवली तर फुगलेल्या फळ्या एकमेकींवर दाब देऊन खिळे सैल करतात. फट अधिक ठेवली तर पाणी आत येते. किती फट ठेवावी, हे त्या लाकडाची जात, त्याचा सुकेपणा आणि हवामान यांवर अवलंबून असते.

सर्वांत कठीण फळी शेवटची असते. इतर फळ्यांची एकच कड शेजारणीशी जुळवावी लागते, शेवटच्या फळीच्या दोन्ही कडा जुळवाव्या लागतात. आधीच्या सर्व फळ्यांत राहिलेली लहानमोठी चूक तिच्या वाट्याला येते.

यावरून असे म्हणता येईल की आराखडा नौकेचा आकार सांगतो, फळीचा सांगत नाही. फळीचे माप नौकेच्या अंगावरच, प्रत्येक वेळी नव्याने घ्यावे लागते.

फळी आधी की फासळी आधी

वर वर्णन केलेली पद्धत फासळी आधी आणि फळी नंतर या क्रमाची आहे. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील प्राचीन परंपरा याच्या उलट होती. तेथे प्रथम फळ्या कडेस कड लावून एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवल्या जात आणि फळ्यांचे कवच तयार झाल्यावर त्यात फासळ्या बसविल्या जात. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझ येथे खिळ्यांऐवजी नारळाच्या काथ्याने शिवलेली जहाजे पाहिली व त्यांच्याविषयी नापसंती नोंदविली. भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या संस्कृत ग्रंथात समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत असा निर्देश असून त्याचे कारण समुद्रातील चुंबकीय खडक हे दिले आहे. हे कारण आज पटणारे नाही, परंतु शिवणीची पद्धत किती दृढ होती याची साक्ष त्यातून मिळते. शिवलेला सांधा थोडा लवचीक असतो. लाटेच्या किंवा वाळूच्या धक्क्याने तो तडकण्याऐवजी दबतो.

या परंपरेत फासळीचा आराखडा आधी काढण्याचे प्रयोजनच नव्हते. पहिली फळी कण्याशी किती कोनात लावायची, यावर दुसरी फळी ठरे आणि दुसरीवर तिसरी. अशा प्रकारे फळ्याच आकार ठरवीत आणि फासळ्या त्यांना आधार देत. म्हणून या काळातील नौकांचे नकाशे नाहीत याचा अर्थ त्यामागे शास्त्र नव्हते, असा होत नाही. ते शास्त्र कागदाऐवजी फळ्यांच्या क्रमात आणि कारागिराच्या स्मरणात होते.

मराठा आरमार : माणसे आणि लाकूड

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीस प्रारंभ केला. या कामावर रुय लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता. १६५९ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या सूचनेवरून ही मंडळी काम सोडून निघून गेली. ज्ञान कागदावर नसून माणसांत असते, तेव्हा माणूस गेला की ज्ञानही जाते, याचा हा ठळक पुरावा होय. तरीही आरमाराची उभारणी थांबली नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज आपले आरमार घेऊन बसरूरपर्यंत गेले. गुराबा, गलबते, मचवे, शिबाडे अशा विविध नौका बांधण्याची कोकण किनाऱ्याची स्वतःची परंपरा या उभारणीच्या मुळाशी होती, हे विसरून चालणार नाही.

फळीचा विचार जंगलापासून सुरू होतो, याची जाण मराठी राज्यकर्त्यांना होती. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे सविस्तर मार्गदर्शन आहे. सागवानादी लाकूड परवानगीने तोडावे, आंबा व फणस यांसारखी झाडे वाढण्यास दीर्घकाळ लागतो म्हणून त्यांना हात लावू नये, एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच असेल तर मालकास राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. वाकडी फासळी वाकड्या फांदीतून आणि लांब फळी सरळ खोडातून निघते. झाड चुकले तर पुढील कारागिरी व्यर्थ ठरते.

सुरतेचा सांधा

पंधराव्या-सोळाव्या शतकानंतर पश्चिम किनाऱ्यावर लोखंडी खिळ्यांचा वापर वाढला, परंतु येथील कारागिरांनी युरोपीय पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. सुरतेच्या सुतारांचा सांधा हे याचे उत्तम उदाहरण आहे. युरोपीय बांधणीत दोन फळ्यांच्या सपाट कडा केवळ एकमेकींना टेकविल्या जात. सुरतेस मात्र फळीच्या कडेला खाच पाडून शेजारची फळी तीत बसवीत. घरबांधणीतील सुतार अशा खाचेला पताम म्हणतात. १७५७ मध्ये ज्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले तो इंग्रज प्रवासी जॉन हेन्री ग्रोस आणि १७७० च्या दशकात सुरत पाहणारा डच दर्यावर्दी स्टाव्होरिनस या दोघांनीही या सांध्याची विशेष नोंद घेतली. अशा सांध्यांमुळे पाणी आत शिरत नसे आणि जहाजाची बाजू एकसंध वाटे, असा त्यांच्या निरीक्षणाचा सारांश आहे.

येथे तासकामातील कौशल्याची कल्पना करावी लागते. सपाट कडेचा कोन फासळीगणिक बदलतो हे आपण पाहिलेच. खाचेच्या सांध्यात तर कड आणि खाच या दोहोंचे कोन फळीच्या संपूर्ण लांबीत परस्परांशी जुळवावे लागत. हे काम मोजण्याइतकेच स्पर्शाचे असते.

याच सुरतेतून लवजी नसरवानजी वाडिया हे कारागीर आपल्यासोबत काही सुतार घेऊन १७३६ मध्ये मुंबईस आले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना गोदी उभारण्यासाठी आणले होते. १७७४ मध्ये लवजींचे निधन झाले. त्यानंतर पुत्र माणेकजी व बमनजी आणि नातू फ्रामजी व जमशेटजी यांनी हे काम पुढे चालविले.

'जावा' जहाजावरील नकाशे

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओक लाकडाचा तुटवडा भासू लागला. मुंबईत मलबारचा साग उपलब्ध होता आणि तो पाण्यात दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे ब्रिटिश नौदलाने जमशेटजी बमनजी यांच्याकडे जहाजे सोपविली. १८१० मध्ये 'मिंडेन' आणि १८१३ मध्ये 'कॉर्नवॉलिस' ही मोठी युद्धनौका पाण्यात उतरली. १८४२ चा नानकिंगचा तह याच 'कॉर्नवॉलिस'वर झाला.

ऑक्टोबर १८१२ मध्ये 'त्रिंकोमाली' या युद्धनौकेच्या बांधणीचा आदेश निघाला. तिच्या आराखड्याचे मूळ १७८२ मध्ये इंग्रजांनी पकडलेल्या 'हेबे' या फ्रेंच जहाजात होते. त्या जहाजावरून इंग्लंडमध्ये रेषा काढल्या गेल्या आणि त्या रेषा मुंबईकडे 'जावा' या जहाजातून रवाना झाल्या. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या नौकेने 'जावा'चा पराभव केला आणि नंतर ती जाळून टाकली. नकाशेही तिच्याबरोबर गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली, आणि १८१६ मध्ये बांधणी सुरू होऊन १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'त्रिंकोमाली' मुंबईत पाण्यात उतरली.

खानदेशच्या अभ्यासकासाठी या घटनेला आणखी एक पदर आहे. त्याच 'जावा'वर मुंबईत नियुक्ती झालेला लष्करी अधिकारी थॉमस हिस्लॉप प्रवास करीत होता. तो कैद झाला, पुढे सुटला आणि नंतर हिंदुस्थानात आला. याच हिस्लॉपने डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई जिंकली व फेब्रुवारी १८१८ मध्ये तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर हल्ला करून तेथील किल्लेदारास फाशी दिले. मुंबईतील जहाजाचे नकाशे आणि खानदेशातील सत्तांतर घडविणारा सेनानी असे एकाच नौकेवर होते.

या प्रसंगातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नौदलाच्या जहाजाचे काम नकाशावाचून सुरू होऊ शकले नाही. आराखड्याचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट अशी की नकाशांची प्रत पुन्हा काढता आली, कारण त्यांचा मूळ दस्तऐवज इंग्लंडमध्ये होता. मुंबईच्या सुतारांच्या हातातील ज्ञानाची अशी प्रत कोठेही नव्हती. ओकसाठी काढलेल्या रेषांवर सागाची फळी कशी वाकवावी, किती सुकवावी, कोणत्या कडेने लावावी, हे लंडनहून पाठविता येण्यासारखे नव्हते. 'त्रिंकोमाली' आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली असून दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर तरंगत आहे. तिच्या आराखड्याची वंशावळ सांगता येते, जमशेटजींचे नावही सांगितले जाते. परंतु ज्यांनी फळी फळी तासून बसविली, त्या सुतारांची नावे या कथनात येत नाहीत.

पुढे सत्तेच्या दृष्टीने कागदाचे मोल वाढतच गेले. १८३८ मध्ये वाडिया घराण्यातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेहेरवानजी हे तरुण जहाजबांधणीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. शंभर वर्षे जहाजे बांधणाऱ्या घराण्यालाही कागदावरील विद्या परदेशी जाऊन शिकावी लागली, हे कालप्रवाहाचे द्योतक होय.

चित्रावरून नौका : अजिंठा आणि 'कौंडिण्य'

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण-अवदानाच्या कथेतील जहाज रंगविले आहे. हा पूर्ण शूर्पारक म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा व्यापारी. चित्रात तीन डोलकाठ्या, उंच शिडे, सुकाणूची वल्ही आणि ओळीने मांडलेले घडे दिसतात. अजिंठ्यातील पाचव्या शतकाच्या या चित्रणावर आधारित शिवलेली नौका बांधण्याचा प्रकल्प केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील एक नौकाबांधणी संस्था यांच्यात २०२३ मध्ये झालेल्या करारातून सुरू झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये कणा बसविण्यात आला. केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली फळ्या काथ्याच्या दोरीने शिवण्यात आल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे 'कौंडिण्य' या नावाने ही नौका नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली.

या प्रकल्पातील पेच अभ्यासनीय आहे. चित्रकाराने जहाजाचा बाह्याकार दाखविला, परंतु फळ्यांचे आतील सांधे, त्यांची जाडी वा शिवणीचे अंतर चित्रात नाही. त्या काळचा आराखडाही उपलब्ध नाही. म्हणून नौदलाच्या तज्ज्ञांनी रेषा नव्याने मांडल्या आणि मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रतिकृतीची चाचणी घेतली. कागद व गणित यांनी आकार निश्चित केला. परंतु फळी फळीला शिवायची कशी, याचे उत्तर चित्रात नव्हते आणि गणितातही नव्हते. ते किनाऱ्यावरील हयात कारागिरांच्या हातात शिल्लक होते, म्हणूनच ही नौका बांधता आली. ती पिढी आधीच संपली असती तर अजिंठ्याचे चित्र केवळ चित्रच राहिले असते.

गोव्यातच बांधलेली 'म्हादेई' ही शिडाची नौका याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण आहे. तिचा आराखडा हॉलंडचा होता व बांधणी रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात झाली. तीत रुंद फळ्यांऐवजी देवदार वर्गातील लाकडाच्या अरुंद पट्ट्या रासायनिक डिंकाने जोडून वर काचतंतूचे आवरण दिले आहे. पट्टी अरुंद असल्याने ती सहज वळते आणि फळीचा वक्र आकार शोधण्याची अडचण बरीचशी दूर होते. २००९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. नवे साहित्य आणि परकीय आराखडा असूनही येथील कारागिराच्या हाताची गरज संपली नाही, हे येथेही दिसून येते.

खानदेशातील अभ्यासकांपुढील कार्य

तापी, पूर्णा, वाघूर, गिरणा या नद्यांच्या काठी भोई व कोळी समाजाचे पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. हतनूर धरणाचा जलाशय वरणगावपासून जवळच आहे. नदीवरील लहान नाव ही गुराबेइतकी किंवा युद्धनौकेइतकी भव्य नसली, तरी फळीचा प्रश्न तिच्यातही तोच असतो. जलाशयांवर आता पत्र्याच्या व फायबरच्या होड्या आल्या आहेत, त्यामुळे लाकडी नावेची नोंद करण्याचे काम तातडीचे ठरते.

हे काम महाविद्यालयीन स्तरावर अल्प साधनांत होऊ शकते. जुनी नाव आढळल्यास तिची लांबी-रुंदी तर मोजावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. एका बाजूस फळ्या किती, प्रत्येक फळीची रुंदी मध्यभागी व दोन्ही टोकांशी किती, कडा टेकविलेल्या आहेत की खाचेत बसविलेल्या, खिळे बाहेरून ठोकून आत वळविले आहेत काय, फटीत काय भरले आहे, लाकूड कोणते, याची नोंद करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वृद्ध सुतारास पहिली फळी कोणती, शेवटची कोणती आणि त्यामागील कारण काय, हे विचारावे व त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत. त्याच्या संमतीने त्याचे नावही नोंदवावे. इतिहास, मराठी, भूगोल आणि गणित या विभागांना एकत्र काम करता येईल असा हा विषय आहे.

निष्कर्ष

१) आराखड्यावरून नौकेचा आकार निश्चित होतो, परंतु फळीचा आकार व सांधा प्रत्यक्ष नौकेवरच निश्चित करावा लागतो. ही कागदाची उणीव नसून कामाचे स्वरूपच तसे आहे.
२) शिवणीची प्राचीन पद्धत, सुरतेचा खाचेचा सांधा आणि मुंबईची सागवानी बांधणी या तिन्हींत कारागिरांचे अलिखित ज्ञान निर्णायक ठरले.
३) हरवलेला नकाशा पुन्हा काढता येतो, हे 'त्रिंकोमाली'ने दाखविले. हयात हातांवाचून चित्राची नौका होत नाही, हे 'कौंडिण्य'ने दाखविले.
४) इतिहासलेखनात आराखडा काढणाऱ्यास व बांधवून घेणाऱ्यास स्थान मिळाले, फळी बसविणाऱ्यास फारसे मिळाले नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम तापीच्या काठी आजही करता येण्यासारखे आहे. शेवटच्या फळीत जशी आधीच्या फळ्यांची चूक दिसते, तशी जुन्या नोंदींतील त्रुटी आपल्या पिढीच्या वाट्यास आली आहे. ती दुरुस्त करण्याची जबाबदारीही आपलीच होय.